फवारणीचा ड्रोन आपोआप उडतो, बांधापलीकडचं कोण बघतं?

मातीमोल (धागालेखक)

ड्रोननं फवारणी करून घ्यावी का, असं विचारणारे बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आलेत. प्रत्येकाला तेच तेच लिहिण्यापेक्षा धागा काढतोय. मी बार्शीकडचा. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे १० लिटर टाकीचा ड्रोन आहे, तो सांभाळायचं काम माझ्याकडे. पायलटचं प्रमाणपत्र काढलेलं आहे, त्यामुळे पहिल्याच प्रतिसादात ‘परवाना आहे का’ विचारणाऱ्यांना आधीच रामराम.

काम कसं चालतं ते आधी. कंट्रोलर घेऊन शेताच्या कडेनं फिरायचं आणि प्रत्येक कोपऱ्यावर बिंदू टिपायचा. बांधावरची बाभळ, विजेचा खांब, विहिरीवरचं शेड हे अडथळे म्हणून वेगळे टिपायचे. मग पिकापासूनची उंची, वेग, दोन पट्ट्यांमधलं अंतर, एकरी किती पाणी हे सगळं भरायचं. स्क्रीनवर शेताच्या आकारात तासं ओढल्यासारख्या रेघा उमटतात. बटण दाबलं की गडी उठतो, पहिल्या रेघेच्या टोकाला जातो, पंप सुरू करतो, वळताना बंद करतो. टाकी रिकामी झाली किंवा बॅटरी उतरली की काम जिथं सोडलं ती जागा लक्षात ठेवून परत येतो. टाकी भरा, बॅटरी बदला, तिथूनच पुढे सुरू. पोटाखाली रडार आहे, त्यामुळे जमीन चढउताराची असली तरी पिकापासून दोन-अडीच मीटर उंची धरून राहतो. एकराला सात-आठ मिनिटं. या वेळात मी फक्त बघत उभा असतो आणि कुणाचं पोर किंवा कुत्रं आत शिरलं तर थांबवतो.

कुठे उपयोग आहे? सगळ्यात जास्त उसाला. डोक्यावर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरलेल्या माणसाला विचारा, पात अंग कशी कापते ते. फुलोऱ्यातली उंच तूर, तेही तसंच. आणि तिसरं म्हणजे वाफसा नसताना. काळ्या रानात पाऊस उघडल्यावर चार-चार दिवस ट्रॅक्टर घालता येत नाही आणि अळी काही वाफशाची वाट बघत नाही. यवतमाळला २०१७ साली कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते सगळ्यांना आठवत असेलच. डोक्याएवढ्या कपाशीत तोंडासमोर फवारा उडवत चालणं टळलं, एवढ्या एका कारणासाठीही मी ड्रोनच्या बाजूनं आहे.

कुठे उपयोग नाही? द्राक्षाला बोलावू नका. डाउनी ही बुरशी पानाच्या खालच्या बाजूला बसते आणि ड्रोन वरून फवारतो. तिथे तुमचा ब्लोअरच बरा. डाळिंबाची झाडं दाट असतील तर तेच. तणनाशक मात्र मी कुणी कितीही पैसे दिले तरी ड्रोननं मारत नाही.

आता धागा काढण्याचं खरं कारण. उडण्याचा भाग सुटलेला आहे, त्यात मला फार अडचण येत नाही. अडचण ही आहे की यंत्राला माझ्या शेताची कड चार बोटांच्या फरकानं कळते, पण शेजारच्या रानात काय उभं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या गावात हे कसं हाताळतात?

रेघोट्या

छान धागा. दर काय हो एकरी?

मातीमोल

@रेघोट्या, आमच्याकडे पाचशे ते सहाशे, औषध शेतकऱ्याचं. लांबच्या गावाला जायचं तर आठ-दहा एकर एकत्र जमवून बोलवा, नाहीतर डिझेललाही परवडत नाही.

शून्यांश

मी ड्रोनच्या फर्मवेअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, काम करतो, म्हणून थोडं आतलं. जायरो, दाबमापक, होकायंत्र आणि जीपीएस यांची मापं सेकंदाला शेकडो वेळा एकत्र करून ‘मी आत्ता कुठे आहे’ याचा अंदाज काढणं, हे या यंत्राचं मुख्य काम. आर्डुपायलट आणि पीएक्स४ या दोन मुक्त प्रणाली जगभर वापरल्या जातात, आपल्याकडच्या कित्येक ड्रोनच्या पोटात त्यांचंच कुठलं ना कुठलं रूप असतं.

साधा जीपीएस दोन-तीन मीटर इकडेतिकडे सांगतो. पंजाबातल्या सलग वीस एकरांत त्यानं काही बिघडत नाही. आपल्याकडे भावकीत वाटण्या होऊन राहिलेल्या तीस-चाळीस फुटी पट्ट्या असतात, तिथे तीन मीटरची चूक म्हणजे एक अख्खी फेरी चुलत्याच्या रानात. म्हणून आरटीके घ्यायचं. जागा पक्की माहीत असलेलं एक केंद्र चूक किती आहे ते सतत कळवत राहतं आणि ड्रोन काही सेंटीमीटरांवर येतो. धागालेखकांचे ‘चार बोटं’ त्यातून आले असावेत.

यंत्र स्वतःहून निर्णय घेतं ते मोजकेच. कंट्रोलरचा संपर्क तुटला तर परत ये. बॅटरी ठरवलेल्या पातळीखाली गेली तर परत ये. जीपीएस गेला तर जागेवर थांब किंवा उतर. यातला ‘परत ये’ हा सगळ्यात धोक्याचा, कारण परतताना किती उंचीवरून यायचं ते माणसानं आधी भरलेलं असतं. मधे नारळ किंवा टॉवर असेल आणि उंची कमी भरली असेल तर ड्रोन इमानेइतबारे जाऊन धडकतो. विजेच्या बारीक तारा रडारला भरवशानं दिसत नाहीत, त्यामुळे शेतावरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर तेवढा पट्टा सोडूनच द्यायचा. आणि जीपच्या बॉनेटवरून किंवा बोअरच्या केसिंगशेजारून उड्डाण करू नका, लोखंडामुळे होकायंत्र चळतं.

खवचट_खान

आमच्याकडचा ड्रोन फक्त लग्नात वरमाईच्या डोक्यावर घिरट्या घालतो. त्याला आरटीके बसवावं का?

तुतीवाली

मातीमोल, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठीच लॉगिन केलं.

आमची दीड एकर तुती आहे, रेशमाच्या अळ्यांना घालायला, जालना जिल्ह्यात. कोष जालन्याच्या बाजारात जातात. मागच्या हंगामात पलीकडच्या सोयाबीनवर एकानं ड्रोननं अळीचं औषध मारून घेतलं. वारा आमच्या बाजूला होता. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखा पाला तोडून घातला. अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या, चंद्रिका (ज्यांवर अळ्या कोष विणतात त्या जाळ्या) काढून ठेवल्या होत्या. सकाळी शेडमध्ये गेले तर अळ्या डोकी वर करून गोल गोल फिरवत होत्या, तोंडातून हिरवं पाणी येत होतं, अंग आखडून अर्धं झालेलं. दुपारपर्यंत रॅकच्या रॅक लोळली. ज्या आठवड्यात अळी आयुष्यातला बहुतेक सगळा पाला खाते, नेमका तोच आठवडा. मजुरी, पाला, अंडीपुंज सगळं गेलं.

सोयाबीनवरची अळी मारायला जे औषध आहे त्याला रेशमाची अळी वेगळी कशी कळणार? तीही अळीच. क्लोरँट्रानिलीप्रोलसारखं औषध तर पाल्यावर कितीतरी दिवस टिकतं, म्हणजे पुढच्या बॅचचीही धाकधूक. ड्रोनवाला म्हणाला, ‘ताई, मशीन बांधाच्या आत होती, रेकॉर्ड दाखवतो.’ दाखवलंनही. खरंच आत होती. आता भांडू कुणाशी?

निशिगंधा_क

बाप रे. वाचूनच कसंतरी झालं.

मातीमोल

तुतीवाली ताई, तुम्ही लिहिलंत ते ड्रोनवाल्यांच्या ग्रुपमध्ये कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. ड्रोननं दहा लिटर. औषधाची एकरी मात्रा मात्र तीच. म्हणजे ड्रोनच्या प्रत्येक थेंबात औषध पंधरा-वीस पट घट्ट. पाठपंपाचा फवारा थोडा उडून शेजारी गेला तर पातळ जातो, ड्रोनचा गेला तर ताकदीनिशी जातो. वर थेंब बारीक आणि सुटण्याची जागा पिकाच्या वर दोन मीटर, तिथे वाऱ्याला अडवणारं काही नाही. पंख्यांची हवा थेंब खाली दाबते हे खरं, पण कडेच्या पट्टीत ड्रोन वळतो तेव्हा तीच हवा बाहेर फेकली जाते. बांधालगत हे सगळ्यात जास्त होतं. म्हणून मशीन बांधाच्या आत होती हे तुमच्या ड्रोनवाल्याचं म्हणणं खरं असूनही अपुरं आहे.

कृषी मंत्रालयानं डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती काढली. त्यात ग्रामपंचायत, कृषी अधिकारी यांना २४ तास आधी कळवायचं असं स्पष्ट आहे. किती जण कळवतात? माझ्या माहितीतले बहुतेक जण ‘उद्या सकाळी येतो’ असा शेतमालकाला फोन करतात, आणि तेवढ्यावर पूर्वसूचना झाली असं धरतात.

विम्याचंही बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडून बाकी सगळ्यांना तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. तुमच्या गावात येणाऱ्याकडे पॉलिसी मागा, आणि फवारा उडून झालेलं नुकसान त्यात धरलंय का ते वाचून घ्या. तो वाचू देत नसेल तर काय समजायचं ते समजा.

झेंडूची_फुलं

मी बचत गटातली. गावात मला ड्रोनताई म्हणतात, लहान पोरं तर नावच विसरली माझं.

नमो ड्रोन दीदी योजनेतून आमच्या गटाला ड्रोन मिळाला. योजना देशभरात १५,००० गटांची, १,२६१ कोटींची, आणि किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालं. उडवायला मला अजिबात भीती वाटली नाही, पुरुषच बांधावर उभे राहून जास्त घाबरत होते. ‘वहिनी, जरा वर घ्या, जरा डावीकडं घ्या.’ अहो भाऊ, तो त्याचा तो चाललाय, मी काहीच घेत नाहीये!

पण बाकीचं सांगते. एका बॅटरीत एक-दीड एकर. म्हणजे दिवसाला वीस एकर करायचे तर चार-पाच जोड आणि शेतावर जनरेटर. आमच्याकडे दिवसा कधी लाइट असते, कधी नसते. ड्रोन, बॅटऱ्या, जनरेटर, पाण्याचा ड्रम न्यायला गाडी लागते. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि ड्रायव्हर दीर. योजना बाईच्या नावावर असली तरी त्या दिवशी दिराला वेळ आहे का, यावर माझा धंदा.

दुसरं, हंगाम. अळी आली की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात फवारणी पाहिजे. नंतर चार महिने ड्रोन कोठीघरात पेटीत. बॅटऱ्या नुसत्या पडून राहिल्या तरी फुगतात, त्यांना अर्ध्यावर चार्ज करून ठेवावं लागतं, हे मला पहिल्या दोन फुगल्यावर एका दुसऱ्या ताईनं सांगितलं. एक पंखा बदलायला पाठवला तो ऐन हंगामात तीन आठवडे आला नाही. आणि उधारी! ‘सोयाबीन विकल्यावर देतो.’ ड्रोन आपोआप परत येतो, पैसे येत नाहीत.

तुतीवालीताई, तुमचं वाचून मी आमच्या गटाच्या वहीत आजच एक रकाना वाढवला : शेजारी काय आहे.

खवचट_खान

@झेंडूची_फुलं, ‘ड्रोन आपोआप परत येतो, पैसे येत नाहीत’ हे आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावतोय. नावासकट.

निवृत्त_भूकरमापक

फवारणीतलं मला फार कळत नाही, पण हद्दीचा विषय निघाला म्हणून लिहितो. थोडं अवांतर आहे.

गावठाणाची ड्रोन मोजणी आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून सुरू झाली. पुढे २४ एप्रिल २०२० ला केंद्रानं स्वामित्व योजना आणली तेव्हा भारतीय सर्वेक्षण विभागानं तेच काम देशभर घेतलं. शेतजमिनीला सातबारा असतो, पण गावठाणातल्या कित्येक घरांना कागदच नव्हता. बाहेरच्यांना वाटतं ड्रोन उडवला की मोजणी झाली. ड्रोन ठरलेल्या रेघांवर आपोआप फिरतो आणि एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो काढतो. एका गावाचं उड्डाण काही तासांत आटपतं.

वेळ जातो तो आधी आणि नंतर. आधी गावात फिरून प्रत्येकाच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायच्या, कारण वरून भिंत दिसत नाही, छप्पर दिसतं. जुन्या घरांच्या पागोळ्या दोन-दोन फूट बाहेर आलेल्या. पागोळीखालची जागा कुणाची यावर मी सख्ख्या भावांना विळे-कोयते आणताना पाहिलंय. ड्रोनचा फोटो पाच सेंटीमीटरपर्यंत बारीक असतो, पण भांडण त्या फोटोत सुटत नाही. ते चुना मारताना दोघांना समोरासमोर उभं करून सोडवावं लागतं. ज्या गावात सरपंच आणि चार जाणती माणसं आमच्याबरोबर फिरली, तिथे सनदा (घराच्या जागेचे मालकीचे कागद) बिनबोभाट वाटल्या गेल्या. जिथे ‘ड्रोन काय तो निर्णय देईल’ म्हणून लोक घरात बसले तिथे हरकतींचा ढीग.

तर तुतीवाल्यांचा प्रश्न मला ओळखीचा वाटला, एवढंच.

शून्यांश

अजिबात अवांतर नाही काका. उलट त्यावरून एक करता येण्यासारखं सुचलं. बहुतेक प्रणालींत वर्जित क्षेत्र आखायची सोय असते : नकाशावर चौकोन काढा, ड्रोन त्यात शिरणार नाही. गावातल्या तुतीचे प्लॉट, मधपेट्या, अंगणवाडी, पाणवठे एकदा आखून ती फाइल येणाऱ्या प्रत्येक ड्रोनवाल्याला दिली तर?

मातीमोल

ड्रोन शिरणार नाही, पण फवारा शिरेल. चौकोन प्लॉटपेक्षा मोठा आखावा लागेल आणि वाऱ्याच्या बाजूला आणखी मोठा. किती मोठा, ते औषधावर आणि त्या दिवशीच्या वाऱ्यावर. तरी फाइल हवीच. निदान ‘माहीत नव्हतं’ ही सबब जाते. आणि तुतीच्या बाजूची शेवटची पट्टी ड्रोननं मारायचीच नाही, पाठपंपानं मारायची. शेतकरी कुरकुर करतो, पण ऐकतो.

जुन्नरी_बिबट्या

२०२४ च्या जून-जुलैमध्ये आमच्याकडे रात्रीचे ड्रोन दिसायचे, आठवतं का? जुन्नर-आंबेगाव-शिरूरपासून पार बीड-जालन्यापर्यंत. चोर टेहळणी करतात म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन गस्तीला. विषय विधिमंडळात गेला होता. त्यानंतर आमच्या गावात दिवसाचा फवारणी ड्रोन आला तरी म्हातारे दगड शोधतात. ड्रोनताईंसारख्या ओळखीच्या माणसानं उडवला तर गोष्ट वेगळी.

झेंडूची_फुलं

दगडाचं खरं आहे. म्हणून मी आधी मारुतीच्या पारावर सांगून येते. तीच माझी पूर्वसूचना. लेखी मात्र देत नव्हते, आता देईन.

डोंगरदरी

मी पालघर जिल्ह्यात आरोग्य खात्यात होतो. फवारणीपलीकडचं एक उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला कोविड लसीचे ३०० डोस ड्रोननं गेले. रस्त्यानं चाळीसेक मिनिटं लागतात, ड्रोन दहाच्या आत पोचला. त्याच्या महिनाभर आधी, ४ ऑक्टोबर २०२१ ला, मणिपुरात बिष्णुपूरहून लोकटक सरोवरातल्या करांग बेटावर लस नेली होती. रस्त्याचं अंतर २६ किलोमीटर, हवेतून १५.

लोक म्हणतात मग रोज का नेत नाहीत? माझं मत असं की लस ही ड्रोनसाठी फारशी चांगली वस्तू नाही. तिचं वेळापत्रक आधीपासून ठरलेलं असतं, जीप आठवड्यातून एकदा गेली तरी भागतं. रवांडात झिपलाइन या कंपनीनं २०१६ पासून ड्रोननं रक्त पोचवायला सुरुवात केली ते चाललं, कारण रक्ताचं गणित वेगळं आहे. वजन कमी, नाशिवंत, कुठला गट कधी लागेल सांगता येत नाही, आणि लागला तर त्याच तासात लागतो. शिवाय त्यांचं यान विमानासारख्या पंखांचं, दूर जाणारं. ते रुग्णालयात उतरतच नाही, पॅराशूटनं खोकं टाकून माघारी वळतं. तिथे कुणाला काही शिकवावं लागत नाही. आपल्याकडे मोखाडा-विक्रमगड भागात बाळंतिणीच्या रक्तस्रावासाठी असं केंद्र उभं राहिलं तर मी उद्या फुकट कामाला जाईन. उद्घाटनाच्या फिती कापून झाल्यावर बॅटरीचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, एवढं मात्र आधी ठरवा.

निशिगंधा_क

डोंगरदरी, यावर वेगळा धागा काढाच. इथे बुडून जाईल.

तुतीवाली

सगळ्यांचे आभार. काल आमच्या गावात तुतीवाले मिळून सगळ्यांचे गट नंबर लिहून काढले आणि ग्रामपंचायतीत अर्ज दिला : ड्रोन फवारणीची सूचना आली की ती रेशीमवाल्यांच्या ग्रुपवर टाकावी. ग्रामसेवक म्हणाले, अशी सूचना आजवर एकदाही आलेली नाही, आली तर टाकू. शून्यांश, ती वर्जित क्षेत्राची फाइल बनवायला काय लागेल? आमच्याकडे कुणाला येत नाही, पण भाचा इंजिनिअरिंगला आहे.

शून्यांश

प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यांवर मोबाइल धरून अक्षांश-रेखांश टिपा आणि मला व्यनि करा. मोबाइलची चूक काही मीटरची असते, इथे चालेल, आपल्याला चौकोन मोठाच हवाय. भाच्याला माझा आयडी द्या, त्याच्याकडून एकदा करून घेतो म्हणजे पुढच्या वर्षी तोच करेल. फक्त येणारा ड्रोन कुठल्या कंपनीचा आहे ते आधी कळवा, प्रत्येकाचा फाइलचा प्रकार वेगळा असतो.

फणसगरे

उशिरा आलो. कोकणात हापूसच्या कलमांना हे चालेल का? मोहोरावर तुडतुडे आहेत. माणूस मिळत नाही, मिळाला तर झाडावर चढत नाही.

मातीमोल

@फणसगरे, बाहेरचा मोहोर भिजेल, पण जुनी कलमं दाट असतील तर आतल्या फांद्या कोरड्या राहतील आणि तुडतुडे तिथेच बसतात. उतारावरच्या बागेत रडार समोरच्या झाडाच्या शेंड्याला जमीन समजून एकदम वर उचलतो, तेही बघितलंय. छाटणी करून उंची कमी ठेवलेली बाग असेल तर एका ओळीवर करून बघा आणि आतल्या फांद्यांना ओलसर कागद बांधून थेंब पोचतात का तपासा... ओलसर नव्हे, पाण्यानं रंग बदलणारा कागद मिळतो, तो. बाग कुठे आहे, देवगडला की रत्नागिरीकडे?